आठ पत्ते आणि एक बिल्ला

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी मुलगी मिहानमधल्या ऑफिसातून घरी आली आणि चपला न काढताच म्हणाली, "माझ्या बाईले दहा दिवस दिले."

बाई म्हणजे तिनं तयार केलेलं पात्र. मुलगी कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. पहिली दोन वर्षं तिच्याकडे मेन्यूतली अक्षरं आणि बटणं नीट बसवण्याचं काम होतं. नव्या गेममध्ये पाच पात्रं होती. चार इतरांची, पाचवं तिचं. आरंभापासून शेवटपर्यंत एकटीनं केलेलं हे तिचं पहिलं काम. ते ठेवायचं की काढायचं याचा निकाल दहा दिवसांनंतरच्या सोमवारी लागणार होता. काढलं तर ती पुन्हा अक्षरांकडे.

गेम समजून घ्यायला मला दोन सकाळी लागल्या. पात्र जमिनीखाली उतरतं. खाली एकापुढे एक खोल्या, खोल्यांत शत्रू. शत्रू वाट पाहत थांबत नाहीत, त्यामुळे बोटं चालावी लागतात. पण पात्राला काय करता येईल ते पत्ते ठरवतात. गड्डी पिसली जाते आणि वरचे चार पत्ते कंट्रोलरच्या चार बटणांवर येतात. बटण दाबलं की तो पत्ता खेळला जातो आणि त्याच्या जागी पुढचा येतो. खोली जिंकली की तीन नवे पत्ते समोर मांडले जातात. त्यांतला एक इनाम म्हणून घ्यायचा. अशी गड्डी वाढत जाते. पहिल्या खोलीत शिरताना जवळ काय असेल ते मात्र बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. त्याला ते लोक लोडआउट म्हणतात. आमच्या घरात त्याचं 'सुरुवातीचं सामान' झालं.

मुलीचं पात्र कोळशाच्या खाणीत उतरणारी बाई होती. तिचं सामान आठ पत्त्यांचं: कुदळीचे तीन घाव, दोन बचाव, एक टेकू, एक दिवा आणि एक काठी. शिवाय गळ्यात एक पितळी बिल्ला. तो पत्ता नव्हे. तो कायम अंगावर असे आणि दर खोलीनंतर थोडी ताकद भरून देई.

ऑफिसातली तक्रार काठीबद्दल होती. प्रत्येक पत्ता किती मारतो याचा आकडा त्यावर लिहिलेला असतो. काठीवर शून्य होतं. तिनं ठोकल्यावर फक्त आवाज यायचा. या बाईला घेऊन खेळणारे पहिल्या काही खोल्यांतच मरत होते. वरिष्ठांचं म्हणणं सरळ होतं: काठी काढून तिथे सुरुंग घाला, नाहीतर बाई काढा.

काठी माझ्या वडिलांची होती.

वडील बहात्तर वर्षांचे आहेत आणि आमच्याकडेच राहतात. कन्हानजवळच्या एका खाणीत त्यांनी चौतीस वर्षं काम केलं, त्यातली शेवटची अठरा सरदार म्हणून. पाळीची माणसं कामाला लागण्याआधी जागा तपासतो तो सरदार. काठीनं छत ठोकायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर छत पक्कं. भद्द वाजलं तर वरचा थर सुटलेला आहे, माणसं मागे घ्यायची. मुलीनं हे पाळण्यात असल्यापासून ऐकलं आहे. पात्राची कल्पना कुठून आली, हे तिनं ऑफिसात सांगितलं नव्हतं. घरातही नाही.

शनिवारी सकाळी तिनं जाहीर केलं की हे सामान कसं आहे ते अशा माणसाकडून पारखून घ्यायचं, ज्यानं जन्मात गेम खेळलेला नाही.

"मी आहे की," मी म्हटलं.

"तू नाही. तू पहिले नियम वाचतेस, मंग नियमांतल्या चुका काढतेस." तिनं माझ्या हातात एक वही दिली. "तू बाजूले बसून लिही. काय झालं तेवढंच. मत देऊ नको, मदत करू नको."

मी वृत्तपत्राच्या डेस्कवर एकोणतीस वर्षं काढली आहेत. माझी पाळी दुपारी चारला सुरू होते. सकाळ मोकळी होती आणि हे काम मला येत होतं.

वडील गॅलरीत पेपर वाचत होते.

"आबा, एक काम होतं."

"मोबाइलचं नसन तर सांग."

"गेम खेळाचा हाय."

"मले कोणी पोट्टं समजली का तू?"

"तुमची काठी हाय त्याच्यात."

वडिलांनी पेपराची घडी केली. "माही काठी? कोणाले विचारून नेली?"

ते टीव्हीसमोर येऊन बसले, पण सुरुवात करायला तयार होईनात. आधी सामान दाखव म्हणाले. आठ पत्ते पाहायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. मुलगी एकेक पत्ता पडद्यावर मोठा करून दाखवत होती.

"हा टेकू लाकडाचा की लोखंडाचा?"

"आबा, चित्र हाय ते."

"चित्र असू दे. बाई त्याच्याच खाली उभी राहीन ना?"

"लाकडाचा."

"साल काढलेली नाही. सालीचं लाकूड कोणी लावते का? आतून कुजलं तर दिसन कसं?"

मुलीनं ते आपल्या मोबाइलवर टिपून घेतलं. शेवटी बिल्ला आला. वडील पुढे वाकले.

"हा बिल्ला खाली काहून घेऊन चालली ही?"

प्रश्न मी वहीत लिहिला. उत्तर कोणी दिलं नाही, कारण मुलगी तेवढ्यात उठून आतल्या खोलीत गेली होती. बनवणारा समोर असला तर खेळणारा त्याच्या तोंडाकडे पाहतो, असं तिचं म्हणणं. तिनं दार लावून घेतलं.

पहिल्या दिवसाची पहिली नोंद अशी: "अकरा पन्नास. पहिली खोली. चौथ्या सेकंदाला मृत्यू." दुसरी: "अकरा बावन्न. पहिली खोली. सहाव्या सेकंदाला मृत्यू. म्हणाले, 'हट्.'" वडील कंट्रोलर दोन्ही तळहातांत बशीसारखा धरत होते आणि बटण दाबताना डोळे मिटत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी मान वर केली.

"ते कूलर बंद कर वं."

बाहेर बेचाळीस डिग्री होतं. मी कूलर बंद केला.

"अन् हे गाणं?"

गाणं म्हणजे गेमचं संगीत. मदत करू नको असं सांगितलेलं होतं. आवाज कमी करणं मदतीत येतं की नाही, यावर थोडा विचार करून मी ते बंद केलं आणि तशी नोंद घातली.

खोली एकदम शांत झाली. वडिलांनी काठीचं बटण दाबलं. टक्. पुन्हा पाळी आली तेव्हा दाबलं. टक्. मग भद्द. ते लगेच मागे सरले आणि बाई उभी होती तिथे वरून दगड कोसळला. दुपारपर्यंत वहीत अशा ओळी आल्या: "काठी. भद्द. मागे. बचाव." "काठी. खणखणीत. पुढे. घाव, घाव." काठीच्या आवाजात शत्रूची आणि छताची पुढची चाल दडलेली होती. संगीत चालू असताना तो आवाज ऐकू येत नव्हता.

रोज सकाळी दहा ते एक असं सहा दिवस चाललं. वडील फुटाण्यांची वाटी जवळ घेऊन बसत. घामानं बनियन ओलं होई, पण कूलर लावू देत नसत. एकदा त्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. "जयभीम. मंग करतो. खाली हावो," असं सांगून त्यांनी फोन ठेवला. समोरच्या माणसाला काय वाटलं असेल, याची नोंद नाही.

खोली जिंकली की तीन पत्ते चमकत समोर येत, घंटी वाजे. वडील चष्मा सावरून तिन्ही पत्ते नीट वाचत, कधी तर मोठ्यानं वाचत, आणि मग खाली कोपऱ्यात लिहिलेलं 'सोडा' दाबत. मी लिहीत असे: "इनाम सोडलं."

आणखी एक गोष्ट वारंवार घडत होती. दिव्याचा पत्ता खेळला की खोलीत थोडा वेळ उजेड राही. तो संपला की अंधार. अंधारात शत्रूंच्या नुसत्या कडा दिसत. तशातच लढत राहायचं असतं. अंधार झाला की वडील दोन्ही अंगठे बटणांवरून उचलत आणि स्वस्थ बसत. मी लिहीत असे: "अंधार. हालचाल नाही. मृत्यू."

दुसऱ्या शनिवारी, निकालाला दोन दिवस उरले असताना, मुलगी वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मी पोहे करत होते. पानं उलटल्याचा आवाज आधी सावकाश येत होता, मग भरभर.

"आई, इनाम सोडलं, इनाम सोडलं, इनाम सोडलं. हे काय होय?"

"ते सोडतात."

"काहून?"

"विचारलं नाही."

"एकोणतीस वर्षं झाली तुले पेपरात!"

"मत देऊ नको म्हणाली होतीस."

"विचारणं म्हणजे मत नसते वं, आई!"

तिचं बरोबर होतं. वहीत कोण होतं, काय होतं, कुठे आणि केव्हा होतं. फक्त 'का' नव्हतं. अशी बातमी घेऊन आलेल्या वार्ताहरांना मी डेस्कवरून परत पाठवते.

तिनं वडिलांना हाक मारली. ते पोह्यांवर शेव घालून घेत होते.

"आबा, इनाम काहून नाही घेऊन राहिले तुम्ही?"

"खाली जे सापडते ते आपलं नसते."

"अहो, ते जिंकल्याचं असते."

"पाह्य, पोरी. जे सामान घेऊन उतरलो, तेच घेऊन वर याचं. एक खिळा जास्त नाही, एक कमी नाही. सायकलवर कोळशाचं पोतं बांधून आणणारे होते. तुही आजी म्हणे, सगळेच आणतात, तुम्हीच एक हरिश्चंद्र. नाही आणलं मी."

"पण हे तर कंपनीच देते ना आबा, बक्षीस म्हणून!"

वडिलांनी चमचा खाली ठेवला. "कंपनी अशी कधी देते का? मले तर वाटलं, तपासून राहिले. कोण घेते अन् कोण नाही."

मुलीनं कपाळाला हात लावला. मग हसली. मग पुन्हा वहीकडे वळली.

"अन् अंधार झाल्यावर थांबता काहून?"

"दिवा गेल्यावर कोणी चालते का? जाग्यावर बसाचं. कोणी ना कोणी दिवा घेऊन येते."

"त्याच्यात कोणी येत नाही आबा."

"मंग गेम चुकला."

हे त्यांनी भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. खाणीतला एक साधा नियम ते सांगत होते, आणि पुन्हा पोहे खाऊ लागले.

 मुलीनं लाल पेन आणलं आणि वहीतल्या प्रत्येक मृत्यूपुढे कारण लिहायला बसली. तिचं म्हणणं मला त्या वेळी जेवढं समजलं ते असं. ऑफिसात प्रत्येक जण पहिल्याच खोलीत एखादा जोरदार पत्ता उचलतो. दुसऱ्या खोलीपासून गड्डी वेगळी झालेली असते. मग मेलो तर सामान वाईट म्हणून मेलो की नवा पत्ता वाईट निवडला म्हणून, ते ओळखता येत नाही. निव्वळ सुरुवातीच्या आठ पत्त्यांवर, काही न घेता, कोणी खेळलंच नव्हतं. खेळणारा कोणी शहाणा माणूस तसं करणार नाही. वडिलांनी ते सहा दिवस, एकदाही न चुकता केलं होतं.

लाल खुणा काठीच्या ओळींपुढे जवळजवळ नव्हत्या. त्या अंधाराच्या ओळींपुढे होत्या, पानामागून पान.

"काठी नाही," मुलगी म्हणाली. "दिवा. चारातलं एक बटण दिवाच अडवून ठेवते. अन् दिवा गड्डीत गेला की सगळेच जण एक क्षण थबकतात. आबा पूर्ण थांबतात, म्हणून दिसलं."

"दिवा पत्त्यात ठेवलाच कायले?" वडील म्हणाले. "दिवा डोक्यावर असते. बिल्ला देऊन दिवा घ्याचा, तो टोपीले लावाचा. बिल्ला वरच राहते, फळ्यावर, आपल्या नंबरच्या खिळ्याले. पाळी सुटली की दिवा परत, बिल्ला परत. ज्याचा बिल्ला लटकूनच राहिला, तो अजून खाली हाय. मंग शोधाले जातात. तू उलटं केलं ना. बिल्ला गळ्यात घातला अन् दिवा गड्डीत टाकला. ही हरवली तर वर कोणाले समजन?"

"पहिल्या दिवशी सांगाचं ना आबा!"

"विचारलं होतं मी. तुह्या मायनं लिहून घेतलं."

वहीच्या पहिल्या पानावर तो प्रश्न होता, माझ्या अक्षरात, खाली एक रेघ ओढलेला.

खाणीच्या बातम्यांत 'आत इतके जण आहेत' हा आकडा अनेकदा अशा फळ्यावरून येतो, हे मला डेस्कवर कळलं होतं. माझ्या लहानपणी वडिलांचा बिल्ला रोज तसा लटकत होता, हे घरात कोणी सांगितलं नव्हतं. आई पाळी सुटायच्या वेळी दर वेळी काहीतरी धुवायला काढायची, एवढं आठवतं.

मुलीनं शनिवार-रविवार लॅपटॉपपुढे घालवला. दिवा गड्डीतून काढून बाईच्या डोक्यावर बांधला. आठाचे सात पत्ते झाले, त्यामुळे काठी लवकर लवकर हातात येऊ लागली. ती ठोकली की संगीत आपोआप खाली जाईल असं केलं. टेकूची साल काढली. सोमवारी सकाळी ती वही पिशवीत घालून निघाली.

त्या दिवशी वडिलांनी मला चार वेळा विचारलं, "फोन आला का?" मधल्या वेळात ते टीव्हीसमोर बसून होते, पण टीव्ही बंद होता. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

वरिष्ठांनी आधी वही वाचली होती. 'कंपनी अशी कधी देते का' हे वाक्य मुलीनं शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. ते वाचून सगळे हसले, आणि वरिष्ठांनी ते पुन्हा एकदा वाचून दाखवलं. मग त्यांनी कानाला हेडफोन लावून बाईला खाली उतरवलं. इनाम सोडत, नुसत्या सात पत्त्यांवर, ते तिसऱ्या खोलीपर्यंत गेले.

"मंग?" मी विचारलं.

"ठेवली."

"काठी?" वडील मागून म्हणाले.

"काठीसकट, आबा."

वडील उठले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः कूलर लावला.

पुढच्या रविवारी मुलगी नवी आवृत्ती घरी घेऊन आली. आता गेम सुरू होताना आधी एक लाकडी फळा दिसतो. त्यावर खिळे आहेत. बाई गळ्यातला बिल्ला काढून खिळ्याला अडकवते, दिवा घेते आणि उतरते. वडिलांनी हे तीनदा पुन्हा लावून पाहिलं. खिळा थोडा वर पाहिजे होता, असं म्हणाले.

मग ते खेळले. चौथ्या खोलीत बाई पडली. पडदा काळा झाला आणि पुन्हा फळा आला. त्यावर बिल्ला हलत होता.

एक वाजून गेला होता. मी पानं वाढली होती.

"बाबा, जेवून घ्या."

"ती खाली हाय."

"जेवून खेळा की."

"बिल्ला दिसून राहिला न तुले? जेवू कसा?"

ते पुन्हा उतरले. पहिली खोली पार झाली, घंटी वाजली, तीन पत्ते आले. त्यांत एक दोर होता. वडिलांचा अंगठा 'सोडा'कडे गेला. मुलगी या वेळी दाराआड नव्हती. ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली होती.

"आबा, शोधाले जाणारे लोक रोजचंच सामान नेतात का?"

वडिलांनी अंगठा उचलला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाही," ते म्हणाले. "ते जास्तीचं नेतात. दोर तर नेतातच."

वही टेबलावर होती. त्यात लिहायला आता मला कोणी सांगितलेलं नव्हतं. शेवटची नोंद अशी आहे: "एक वाजून बावीस मिनिटं. पहिलं इनाम घेतलं. दोर. कारण: बिल्ला फळ्यावर आहे." त्यानंतर आम्ही तिघं जेवणं गार होईपर्यंत तिथेच बसलो.